डिकीतले ऐंशी किलो

कोथरूड, पुणे
रविवार सकाळ (पेपर अजून आलेला नाही)

आदरणीय मेहबूबभाई,

कचरू ओव्हाळ याचा जय भीम आणि सलाम, दोन्ही स्वीकारावेत.

मिरजेची हवा तुम्हाला मानवत असेल, जिना चढताना गुडघे पूर्वीइतक्याच शिव्या खात असतील, आणि सितारा तुम्हाला तिखट देत नसेल, अशी आशा आहे. (तिखटाबद्दल मीच तिला बजावलं आहे, राग मानू नये.) इकडे आम्ही ठीक. चंद्रभागेचं ब्लडप्रेशर ताब्यात आहे आणि मी चंद्रभागेच्या. कल्याणीला तिची कंपनी आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला बोलावते. उरलेले दिवस ती घरूनच काम करते आणि मधल्या वेळात आपल्या बापाला सुधारते. तुमचं गॅरेज नबील नीट चालवतो आहे. गुलटेकडीच्या उतारावरची तुमची पाटी त्यानं बदलली, पण जुनी फेकली नाही, आत भिंतीला टेकवून ठेवली आहे. हे मी स्वतः पाहिलं म्हणून लिहितो.

आता पत्र का, असा प्रश्न तुम्हाला पडेल. फोन मी तीनदा केला. दोनदा तुम्ही ‘हॅलो, कोण, हॅलो’ म्हणून ठेवून दिलात. तिसऱ्यांदा सितारानं घेतला आणि म्हणाली, काका, अब्बांना हल्ली फोनवर ऐकू येत नाही, काय असेल ते लिहून कळवा. त्यावर मी बराच वेळ फोन तसाच हातात धरून बसलो होतो. का, ते पुढे येईल. मात्र एक आधीच स्पष्ट करतो. हे पत्र तुम्हाला पुण्याला बोलावण्यासाठी नाही. तुमचं वय झालं, माझंही झालं, एवढा प्रवास कोणी कोणाला सांगू नये. आपल्या गाडीबद्दल तर हे पत्र मुळीच नाही. एक गंमत घडली ती कळवावी, एवढाच हेतू.

गंमत कळण्यापुरतं गाडीबद्दल थोडं लिहावं लागेल. आपली फियाट (आपली म्हणतो, कागद माझ्या नावावर असले तरी निम्मं इंजिन तुमच्या हातचं आहे) हल्ली चांदणी चौकाच्या चढावर मध्येच विचारात पडते. मागे धूर सोडते, पुढे टकटक असा आवाज करते, आणि मागून येणारे लोक हॉर्नच्या भाषेत माझी विचारपूस करतात. तिची नोंदणी या महिनाअखेर संपते. येत्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता आरटीओचं पासिंग आहे. कल्याणीनं अट घातली आहे की पहिल्या फटक्यात पास झाली तर ती पुन्हा शब्द काढणार नाही, आणि नापास झाली तर एक तारखेला भंगारवाल्यांची गाडी येऊन तिला उचलून नेईल. त्याचा फॉर्म तिनं भरूनही ठेवला आहे. मुलीचं चुकतंय असं मी म्हणत नाही. बाप सत्तरीचा, गाडी अडतिसाची आणि दोघांचे ब्रेक उशिरा लागतात, हे तिचं म्हणणं मापात बरोबर आहे.

अशा अवस्थेत माणूस काय करतो? इंटरनेटवर जातो. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये केदार म्हणून एक गृहस्थ राहतात, वय पस्तीस, कॉम्प्युटरमधले. त्यांनी मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. ‘महाबचत टर्बो’ नावाची अंगठ्याएवढी डबी. गाडीत सिगारेट पेटवायचं जे भोक असतं त्यात ती खोचायची. पेट्रोल चाळीस टक्के कमी, ओढ दुप्पट, धूर निम्मा, तंत्रज्ञान जर्मन. किंमत अशी की एवढ्यात तुम्ही साधा प्लगही दिला नसतात, दिला असतात तर जुना पुसून. जाहिरातीत एक मनुष्य डबी खोचतो आणि त्याची बायको एकदम आनंदानं हसते. इतकी की ती बरेच दिवस हसली नसावी असं वाटतं.

मेहबूबभाई, तेहतीस वर्षं मी वजनमापे खात्यात काढली. मार्केट यार्डात तागडीच्या पारड्याखाली चिकटवलेली चिंच मी अंधारात नुसत्या बोटानं ओळखली आहे. लिटरच्या मापाचा बुडातून ठोकून आत घेतलेला पोचा मी वासावरून सांगत असे, असं यार्डातले लोक म्हणत (ही अतिशयोक्ती आहे, पण मी कधी खोडून काढली नाही). त्या माणसाला चाळीस टक्के सांगता? मी केदारला तिथल्या तिथे म्हणालो, चाळीस टक्के पेट्रोल वाचत असतं तर हे जर्मन लोक ते अंगठ्याएवढ्या डबीत घालून कोथरूडला कशाला पाठवतील, स्वतःच्या गाड्यांत नसतं बसवलं? मग मी घरी आलो, दार लावलं आणि एक मागवली.

तपासासाठी मागवली. केवळ तपासासाठी. (चंद्रभागेला हेच सांगितलं. ती म्हणाली, मागच्या महिन्यात पेट्रोलच्या पाइपला लावायचं लोहचुंबक मागवलं होतंत, तेही तपासासाठीच ना? ते चुंबक आता आमच्या फ्रिजवर दूधवाल्याचं कार्ड धरून ठेवतं. आजवर त्यानं केलेलं एवढं एकच काम.)

डबी आली. खोका उघडण्याआधी मी सवयीनं चारी बाजूंनी वाचला. उत्पादकाचं नाव नाही, पत्ता नाही, महिना-वर्ष नाही, तक्रार कुठे करायची ते नाही. किंमत तेवढी होती, ती दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलेली. नोकरीत असतो तर तिथेच पंचनामा केला असता. आत सूचनांचा कागद होता, मराठीत, पण जर्मन माणसानं घाईत लिहावा तसा. त्यात पाच अटी होत्या. चाकांत हवा पूर्ण भरावी. एअर फिल्टर बदलावा. गाडीतील अनावश्यक ओझे काढावे. वेग पन्नासच्या वर नेऊ नये, पाय हलका ठेवावा. आणि पाचवी, पहिले दोनशे किलोमीटर यंत्र आपल्या गाडीचा स्वभाव शिकत असल्याने दिवा लागणार नाही, काळजी करू नये. आता दिवा न लागण्याची अशी लेखी हमी मी आयुष्यात प्रथम पाहिली. पण सूचना लेखी असली की माझा हात आपोआप ती पाळायला लागतो, सरकारी सवय.

तपासणीची पद्धत मात्र मी माझीच ठेवली. डबीविना एक फेरी आणि डबीसह एक. कोथरूडहून पहाटे निघायचं, मार्केट यार्डाच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत. टाकी गळ्यापर्यंत भरायची, तुम्ही शिकवलंत तशी गाडी मागून हलवून हवा काढायची, आणि परत आल्यावर निवृत्तीच्या वेळी खात्यातल्यांनी मला दिलेल्या पितळी लिटरच्या मापानं मोजून टाकी पुन्हा गळ्यापर्यंत आणायची. पहिली फेरी झाली, लिटरला अकरा किलोमीटर. वहीत लिहिलं, खाली सही केली.

त्या फेरीचं एक सांगतो, विषय सोडून होईल. पहाटे साडेपाचला यार्डाच्या फाटकाशी उभा होतो. कांद्याच्या गाड्या लागलेल्या, हमाल ओरडत पाठीवर पोती घेऊन चाललेले. एक म्हातारा हमाल थांबला, माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘साहेब, अजून हीच हाय व्हय?’ मला इतकं बरं वाटलं की मी त्याला दोन मिनिटं बोलत उभं ठेवलं, आणि त्याच्या पाठीवर पोतं होतं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. याच फाटकाबाहेर आपली पहिली भेट झाली. एकोणनव्वद साल. खात्याची जीप बंद पडलेली, आत सगळे व्यापारी मी येऊच नये अशी प्रार्थना करत होते, आणि तुम्ही टेम्पोखालून नुसतं डोकं बाहेर काढून विचारलंत, नाव काय साहेब? मी सांगितलं. लोक माझं नाव ऐकून एक तर हसतात नाहीतर न हसण्याचा प्रयत्न करतात. तुम्ही म्हणालात, ‘आधीची पोरं जगली नसतील.’ खरं होतं. माझ्या आधीची दोन गेली, म्हणून आईनं मला पाचव्या दिवशी उकिरड्यावर ठेवलं, तिथून उचललं आणि कचरू नाव दिलं, म्हणजे मृत्यूला वाटावं की हे काही नेण्यासारखं नाही. तुम्ही जीपच्या बॉनेटवर थाप मारून म्हणालात, तुमच्या आईला माझा सलाम सांगा, गाडीचंही असंच असतं, जिला चांगली म्हणाल ती दुसऱ्या दिवशी बसते. आणि लगेच जीपला म्हणालात, चल गं खटारे. ती चालू झाली.

तर दुसरी फेरी. सूचनांप्रमाणे हवा भरली. फिल्टर नबीलकडून बदलून घेतला. (नबीलनं टकटक शोधायला त्याचं ते कॉम्प्युटरचं यंत्रही आणलं होतं, पण ते जोडायला आपल्या गाडीत कुठे जागाच सापडली नाही. शेवटी म्हणाला, चाचा, हिचा डॉक्टर अब्बाच.) मग अनावश्यक ओझं काढायला डिकी उघडली. स्टेपनीच्या मागे, गोणपाटाखाली, चार लोखंडी वजनं. वीस-वीस किलोची, कड्यांची. तुम्हाला आठवतं का, दोन हजार पाच साली मुळशीकडे आमच्या गावाच्या रस्त्याला चिखलात मागची चाकं नुसती फिरत होती, तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, मागे थोडं वजन टाका साहेब, परत आल्यावर काढा. खात्यातून रद्द होऊन लिलावात निघालेली ही चार मी घेतली होती, तीच टाकली. गावाहून परत आलो. काढायची राहिली. तुम्ही बॉनेटचा माणूस, डिकी तुम्ही कधी उघडली नाहीत. वीस वर्षं झाली त्याला. माझ्या मणक्यांची कुरकुर ऐकत चारही उतरवली. तिथेच कोपऱ्यात तुमचा तो लांब स्क्रूड्रायव्हरही सापडला, लाकडी मुठीचा, जो कानाला लावून तुम्ही इंजिनं ऐकायचात. तो तिथे कसा आला देव जाणे. असो.

दुसरी फेरी झाली. लिटरला पंधरा! पहिल्यांदा वाटलं, माप चुकलं. पुन्हा गेलो. पुन्हा पंधरा. मग मुद्दाम चांदणी चौकाकडे नेली, त्या चढावर गाडीनं विचारसुद्धा केला नाही, सरळ चढली. धूर निम्मा. मेहबूबभाई, त्या चढाच्या वर मी गाडी बाजूला घेतली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं शुक्रवारचं काम झालं. तेहतीस वर्षं संशय घेण्यात गेली, एक गोष्ट खरी निघाली तर आपल्याला पटायला नको का? घरी आलो आणि त्याच भरात केदारकडून शिकून घेऊन त्या कंपनीच्या पानावर अभिप्राय लिहिला. ‘मी वजनमापे खात्यात तेहतीस वर्षे निरीक्षक होतो. प्रमाणित मापाने स्वतः मापून पाहिले. फरक आहे.’ खाली पूर्ण नाव, हुद्दा, कंसात निवृत्त. आणि पाच तारे.

तुम्ही म्हणाल, डिकीतून ऐंशी किलो उतरवलेत त्याचं काय? मीही आता तेच म्हणतो. पण त्या दिवशी वहीत ते ऐंशी किलो मी लिहिलेच नाहीत. कारण ती वजनं रद्द झालेली होती. रद्द झालेल्या वजनाला आमच्या खात्यात वजन नसतं. ते वजन म्हणून कुठेच मोजत नाहीत, त्याचा शिक्का खोडलेला असतो. हा नियम मी इतकी वर्षं इतक्या लोकांना बजावला की शेवटी माझ्या गाडीनंही तो पाळावा असं मी गृहीत धरलं. जगाची तागडी तपासत फिरलो आणि स्वतःच्या गाडीत ऐंशी किलो घेऊन फिरलो. हसा. चंद्रभागा दोन दिवस हसते आहे. जाहिरातीतल्या बाईपेक्षा जास्त.

पण हसण्याचा भाग अजून यायचा आहे. आठ दिवसांनी केदार मोबाइल घेऊन आले. कंपनीची नवी जाहिरात. वर डबी, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘सरकारी अधिकाऱ्याने मापून खात्री केलेले! क. ओव्हाळ, पुणे.’ केदारनी स्वतः दोन घेतल्या होत्या, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी एक, आणि मार्केट यार्डातल्या एका आडत्याच्या मुलानं फोन करून सांगितलं की काका, तुमचं नाव वाचलं म्हणून चार टेम्पोंना चार घेतल्या, बाबा म्हणायचे की ओव्हाळ साहेबांचा शिक्का म्हणजे शिक्का. त्या मुलाच्या बापाची तागडी मी दोनदा जप्त केली होती. तो माणूस माझ्याबद्दल घरी हे सांगत होता.

त्याच संध्याकाळी गाडीचे दोनशे किलोमीटर पुरे झाले. यंत्राचं शिक्षण संपलं, आता दिवा लागणार म्हणून मी पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिलो. लागेना. डबी काढली, पुसली, खोचली, फिरवली. कल्याणी खाली आली, शेजारी बसली, बघत राहिली. मग तिनं उजव्या हाताचं पहिलं बोट माझ्यासमोर धरलं. टोकाला तो छोटा गोल डाग, तुम्हाला माहीत आहे तो. म्हणाली, ‘बाबा, ते भोक बंद आहे. मी सहा वर्षांची असताना त्यात बोट घातलं होतं. मेहबूबकाकांनी त्याच दिवशी वायर तोडून टाकली. मला मांडीवर घेऊन, मला दाखवून तोडली, म्हणाले, बघ, आता हे मेलं.’

मी विसरलो होतो. साफ विसरलो होतो. ती डबी आठ-दहा दिवस एका मेलेल्या भोकात बसून माझं पेट्रोल वाचवत होती.

मग मी ती उघडली. (तुमच्या त्या लांब स्क्रूड्रायव्हरनं, माफ करा, हाताशी तोच होता.) आत काय असावं? एक बारीक दिवा, त्याला दोन तारा, आणि तळाशी गोंदानं चिकटवलेला एक लोखंडी नट. नुसता नट, कशालाही न जोडलेला. का? तर हातात घेतल्यावर वजनदार वाटावं म्हणून. मेहबूबभाई, खरं सांगतो, राग येण्याच्या आधी मला क्षणभर जुना माणूस भेटल्यासारखं वाटलं. पारड्याखालची चिंच! चाळीस वर्षांत बाकी सगळं बदललं, एवढं तेवढं राहिलं. मग राग आला. स्वतःचा. केदारच्या दारी जाऊन माफी मागितली, आडत्याच्या मुलाला फोन केला, आणि सोसायटीच्या फळ्यावर माझ्याच शिक्क्याविरुद्ध माझ्याच सहीची नोटीस लावली. कंपनीला तीन पत्रं पाठवली. तिन्हींना उत्तर आलं की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. कल्याणीनं ग्राहकांची कुठेशी तक्रार असते तिथे रीतसर तक्रार घातली आहे. खोक्यावर काय काय नाही याची यादी मी दिली, दोन पानं झाली.

त्यानंतर आम्ही बापलेक तिसऱ्या फेरीला गेलो, डबीविना, वजनांविना. वही तिच्या हातात. पुन्हा पंधरा. म्हणजे हवा, फिल्टर, हलका पाय आणि रिकामी डिकी. म्हणजे चौऱ्याण्णव साली ती फियाट त्या निवृत्त होणाऱ्या डॉक्टरांकडून घेतली तेव्हापासून तुम्ही जे फुकट सांगत होतात तेवढंच. ते मी ऐकलं नाही, कारण ते खोक्यात घालून आलं नव्हतं. परतताना कल्याणी एकदम विचारू लागली, बाबा, खंबाटकीच्या घाटात गाडी तापली होती तेव्हा काकांनी रेडिएटरमध्ये चहा ओतला होता, ते खरं की मला स्वप्न पडलं? मी म्हटलं, खरं. पाणी संपलं होतं, थर्मासमध्ये बिनदुधाचा चहा होता, तुम्ही आमच्याकडे बघितलंत, म्हणालात, आज हिचा हक्क आधी, आणि ओतलात. देहूरोडच्या विहारात जाताना तिला तुम्ही पुढच्या सीटवर बसवून भोंगा वाजवू द्यायचात, तेही तिला आठवतं. तुमच्याकडच्या ईदला शीरखुर्म्याचा डबा त्याच डिकीत सांडला होता, तो वास कितीतरी दिवस जात नव्हता. हे सगळं बोलत आम्ही आलो. फॉर्म तिनं मागे घेतलेला नाही, ती माझीच मुलगी आहे. पण शुक्रवारी रजा टाकली आहे.

राहता राहिली टकटक. ती तेवढी गेलेली नाही. पंधराच्या आनंदात मी तिच्याकडे कानाडोळा केला होता, पण कल्याणी म्हणते की पासिंगवाला करणार नाही. आणि इथे मला गेल्या दिवाळीआधीच्या त्या दिवसाबद्दल लिहिणं भाग आहे. तुम्ही अर्धा तास ती टकटक ऐकत राहिलात, हात पुसलेत, आणि म्हणालात, ‘साहेब, फार चांगली गाडी होती बघा ही.’ इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून तिची स्तुती मी पहिल्यांदा ऐकली, आणि ती अशी. खटारा, डबडं, म्हशीची सावत्र बहीण, काय काय म्हणालात तिला, मी प्रत्येक वेळी निर्धास्त झालो. त्या दिवशी चांगली म्हणालात आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. म्हणून मी ते बोललो. ‘इंजिन नाही गेलं मेहबूबभाई, तुमचे कान गेलेत.’ तुम्ही वळून आत निघून गेलात. मला वाटलं, मी जिंकलो. पंधरवड्यानं तुम्ही मिरजेला गेलात, आणि परवा सितारा फोनवर सहज सांगून गेली की कानांचं दोन वर्षांपासून चाललंय, अब्बा कोणाला कळू देत नव्हते. मला ठाऊक असतं तर जीभ कापून घेतली असती. ठाऊक नव्हतं, ही सबब मी व्यापाऱ्यांकडून कधी ऐकून घेतली नाही, म्हणून तुम्हालाही देत नाही. मी चुकलो. मला माफ करा.

बाकी विशेष काही नाही. पेपर आला. चंद्रभागेचा आणि कल्याणीचा सलाम. सिताराला आणि तिच्या घरच्यांना आशीर्वाद. तब्येतीला जपा, प्रवासाची दगदग करू नका, शुक्रवारी काय व्हायचं ते होईल, कळवीन.

आपला,
कचरू ओव्हाळ

ता. क. सितारा म्हणाली, तुम्ही कानात ऑनलाइन मागवलेलं स्वस्तातलं एक यंत्र घालता आणि ते नुसतं शिट्टी वाजवतं. ते उघडून पाहा. आत नट असेल. कल्याणीनं इथल्या कानाच्या डॉक्टरांची गुरुवारी दुपारची वेळ घेतली आहे, ती रद्द करता येत नाही असं ती म्हणते. (करता येते. पण ती करणार नाही.)

ता. क. २. तो स्क्रूड्रायव्हर डिकीत कसा आला, देव जाणे असं वर लिहिलं आहे. देवाला त्रास नको, मला माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही तो मडगार्डवर ठेवलात आणि आत गेलात, मी रागात उचलला, डिकीत टाकला आणि गाडी काढली. नंतर तो हरवल्यावरून तुम्ही नबीलला वाट्टेल ते बोललात, बापलेकांचं बिनसलं आणि म्हणून तुम्ही मिरजेला गेलात, हेही मला कळलं होतं. इतके महिने मी गप्प बसलो. तो दिला असता तर तुमच्याकडे यायला माझ्याजवळ दुसरं कारण उरलं नसतं. नबीलला काल सगळं सांगितलं. तो चिडला नाही, म्हणाला, चाचा, मग अब्बा कधी येतात?

ता. क. ३. वर लिहिलेलं ते प्रवास करू नका वगैरे वाचू नये. बुधवारी सकाळच्या एसटीनं निघा, स्वारगेटला मी गाडी घेऊन उभा असेन. नव्व्याण्णव साली तुमचा कान पिकला होता, तेव्हा तुम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून मूठ दातात धरली होती आणि कुठला व्हॉल्व्ह बोलतोय ते सांगितलं होतं, ते मी विसरलेलो नाही. मूठ मी साबणानं दोनदा धुऊन ठेवली आहे. येऊन तशी एकदा ऐका. दुरुस्त झाली तर ठीक, नाही झाली तरी माझी तक्रार नाही, कल्याणीचा फॉर्म आहेच. फक्त शुक्रवारी आम्ही आरटीओला निघताना तुम्ही बॉनेटवर थाप मारा, आणि कृपा करून तिला चांगली म्हणू नका.